पॉड सरकतोय? आधी तो कशाला धरून सरकतोय ते बघा

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या कॉम्प्युटर सिम्युलेटरमध्ये जमिनीवरची लक्ष्यं मारायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. टार्गेटिंग पॉडचा, म्हणजे विमानाला टांगलेल्या कॅमेऱ्याचा, क्रॉसहेअर व्यवस्थित ट्रकवर आणून ठेवला, बॉम्बची बटणं बघायला नजर दोन सेकंद दुसरीकडे वळवली, आणि परत बघावं तर ट्रक चौकटीच्या कोपऱ्यात. पुन्हा आणून ठेवावा, पुन्हा तेच. कुणाला विचारलं की उत्तरं तयार असतात: डेडझोन (काठीच्या मधोमधची, गेमने मोजायची नाही एवढी हालचाल) वाढव, गेम रिपेअर कर, यूएसबी पोर्ट बदलून बघ. यातलं एखादं उत्तर एखाद्याला लागू पडतं, आणि मग तो तेच औषध येईल त्याला देत सुटतो.

अडचण अशी की पॉड सरकण्यामागे निदान चार वेगवेगळी कारणं असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एक तुमच्या टेबलावरच्या थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यात, असतं, एक मिशन बनवणाऱ्याच्या आळसात, एक विमानाच्या दिशादर्शनात आणि एक निव्वळ चुकीच्या मोडमध्ये. पण प्रत्येकाची सरकण्याची तऱ्हा निराळी असते. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एक मिनिट नुसतं बघायचं. क्रॉसहेअर नेहमी स्क्रीनच्या एकाच बाजूला जातो का? की तुम्ही जिकडे उडत जाल तिकडे तुमच्या मागोमाग येतो? की तुम्ही कुठूनही बघा, तो लक्ष्याच्या पूर्वेलाच पडतो? स्क्रीन, विमान आणि कंपास, या तिघांपैकी चूक कोणाला बांधलेली आहे एवढं कळलं की पुढचं काम फार राहत नाही.

आधी मोड बघा

टार्गेटिंग पॉड म्हणजे विमानाला टांगलेली एक जाडजूड नळी. पुढच्या टोकाला फिरणारा गोळा, त्यात उष्णता टिपणारा कॅमेरा, साधा टीव्ही कॅमेरा आणि लेझर. डीसीएसमध्ये ए-१०सी, एफ-१६सी आणि एफ/ए-१८सी हॉर्नेट या तिन्हींवर मिळतो तो लाइटनिंग, म्हणजे एएन/एएक्यू-२८. मूळचा इस्राएलच्या राफाएल कंपनीचा. अमेरिकेत तो नॉर्थरॉप ग्रमनकडून येतो. हॉर्नेटवर त्याच्या जोडीला एटीएफएलआयआर नावाचा दुसरा पॉडही आहे. नावं वेगळी असली तरी तत्त्व सगळीकडे तेच.

विमान सतत पुढे जातंय, कलतंय, थरथरतंय. तरी चित्र एका जागी राहायचं तर कोणीतरी तो गोळा उलट्या दिशेने फिरवत राहिलं पाहिजे. हे काम पॉड कोणत्या माहितीवर करतो, त्यावरून त्याचे मोड ठरतात.

नुसता स्लेव्ह असेल तर पॉड स्वतः काहीच ठरवत नाही. विमानाच्या संगणकाने दिलेल्या बिंदूकडे, बहुधा स्टिअरपॉइंटकडे, म्हणजे मार्गावर आधीच ठरवलेल्या जागेकडे, तो तोंड करून बसतो. एरिया ट्रॅकमध्ये तो समोरच्या अख्ख्या दृश्याला धरून ठेवतो: आत्ताचं चित्र मघाच्या चित्राशी ताडून पाहायचं आणि जेवढा फरक पडला तेवढा गोळा फिरवायचा. पॉइंट ट्रॅकमध्ये एकच वस्तू पकडायची, तिच्या कडा आणि तिचा उठाव धरायचा, ती चालायला लागली तरी सोडायची नाही. आणि आयएनआर, म्हणजे जडत्वावर चालणारा मोड: यात चित्राकडे बघणं बंद. विमान किती वेगाने कुठे जातंय आणि मघाशी बिंदू किती अंतरावर होता, एवढ्या हिशेबावर गोळा फिरत राहतो.

आयएनआरमध्ये थोडं सरकणं हा बिघाड नाही. हिशेबात बारीक चूक असणारच आणि ती तपासायला समोर चित्र नसतं. ही बारीक चूक पडद्यावर किती दिसते ते बघा. दहा किलोमीटरवरून बघताना दशांश अंशाची चूक म्हणजे जमिनीवर साधारण साडेसतरा मीटर. झूम करून चौकट एक अंशाची झाली आहे असं धरलं, तर अख्ख्या चौकटीत जेमतेम १७५ मीटर मावतात. म्हणजे जिला आपण चूकही म्हणणार नाही ती पडद्याचा दहावा भाग खाते. रुंद चौकटीत हीच चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. झूम केल्यावरच पॉड बिघडतो असं वाटण्याचं कारण हेच.

तेव्हा पहिली गोष्ट: पडद्यावर मोडचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा. ए-१०सीमध्ये टीएमएस, म्हणजे उडवायच्या काठीवरचं लक्ष्य धरण्या-सोडण्याचं बटण, पुढे दाबला की एरिया आणि पॉइंट आलटूनपालटून येतात, मागे दाबला की आयएनआर. एफ-१६मध्ये टीएमएस उजवीकडे म्हणजे एरिया, पुढे म्हणजे पॉइंट. एका विमानाची सवय दुसऱ्यात नेली की नेमका गोंधळ होतो. आणि एफ-१६मध्ये हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा पॉडच्या पडद्याभोवती चौकट असते, म्हणजे हातातली बटणं त्या क्षणी पॉडला जोडलेली असतात. ती रडारला जोडलेली असतील तर तुम्ही लॉक म्हणून जे दाबताय ते पॉडपर्यंत पोचतच नाही.

एफ-१६च्या स्नोप्लाऊ मोडचाही इथेच निकाल लावू. पडद्यावर एसपी दिसत असेल तर पॉड नाकासमोर ठरावीक कोनात खाली बघतोय आणि विमानाबरोबर पुढे जातोय. जमीन मागे पळणारच. टीएमएस पुढे दाबून बिंदू जमिनीला खिळवेपर्यंत त्याला लक्ष्याशी देणंघेणं नसतं.

स्क्रीनला धरून सरकतो

मोड एरिया आहे, तरीही क्रॉसहेअर हळूहळू, पण कायम वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जातोय. विमान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, दिशा तीच. अशा वेळी पॉडला दोष देऊ नका. तुमचा थ्रॉटल त्याला ढकलतोय.

कर्सर हलवायला थ्रॉटलवर अंगठ्याची एक छोटी काठी असते. तिचा अक्ष, म्हणजे एका दिशेतली तिची हालचाल, जागा सांगत नाही, वेग सांगतो. काठी थोडी कलली की कर्सर थोड्या वेगाने जातो आणि काठी तशीच राहिली तर तो जातच राहतो. नळ घट्ट बंद केला नाही तर धार बारीक का असेना, बादली भरतेच. तसं इथे काठी मधोमध नसेल तर दोन टक्क्यांचा फरकही क्रॉसहेअरला मिनिटभरात लक्ष्यावरून उतरवतो. थ्रॉटलवरच्या अंगठ्याच्या इवल्या काठ्या याबाबत कुप्रसिद्ध आहेत. अंगठा सोडल्यावर त्या बरोबर शून्यावर येत नाहीत. कधी शून्याच्या अलीकडे थांबतात, कधी पलीकडे, आणि काठीची जागा मोजणारा पोटेन्शिओमीटर झिजला की एका जागी राहूनही आकडा थरथरत ठेवतात.

हे पकडणं सोपं आहे. विंडोजमध्ये जॉय.सीपीएल उघडा, तिथे प्रत्येक अक्षाचा ठिपका किंवा पट्टी दिसते. काठी चारही दिशांना नेऊन सोडा आणि ठिपका दर वेळी कुठे थांबतो ते पाहा. वरून सोडल्यावर एका ठिकाणी आणि खालून सोडल्यावर दुसऱ्या ठिकाणी थांबत असेल, तर तेवढं अंतर झाकेल इतका डेडझोन हवा. डीसीएसच्या कंट्रोल्समध्ये तो अक्ष निवडून अॅक्सिस ट्यूनमध्ये पाचपासून सुरुवात करा आणि ठिपका शांत होईपर्यंत वाढवा. वीसच्या वर जावं लागत असेल तर डेडझोन वाढवत बसण्यात अर्थ नाही, काठी बदलायला झाली आहे. तोवर कर्सर थ्रॉटलवरच्या एखाद्या हॅट स्विचवर, म्हणजे चार दिशांना दाबता येणाऱ्या बटणावर, लावा. हॅटला अधलंमधलं काही माहीत नसतं, तो एक तर दाबलेला असतो किंवा सुटलेला, म्हणून तो सरकवत नाही. नाजूक हालचाल जरा अवघड जाते, पण सरकणाऱ्या काठीपेक्षा हे बरं.

एक प्रकार याहून फसवा आहे. तोच अक्ष दोन उपकरणांवर लागलेला असतो. डीसीएस नवीन उपकरण दिसलं की आपणहून काही अक्ष त्याला वाटून टाकतं, आणि यूएसबी पोर्ट बदलला तरी जुनंच उपकरण नवं समजलं जाऊ शकतं. मग टेबलाखाली पडलेला गेमपॅड किंवा रडर पेडल गुपचूप कर्सर ढकलत असतात आणि आपण थ्रॉटलचा डेडझोन वाढवतोय. कंट्रोल्समध्ये त्या विमानाच्या अक्षांची यादी उघडा आणि कर्सरच्या दोन ओळींसमोर प्रत्येक रकान्यात काय आहे ते आडवं वाचत जा. जिथे नको तिथे पुसून टाका. हे दर विमानासाठी वेगळं करावं लागतं. म्हणून तर एफ-१६ ठीक चालतं आणि हॉर्नेटमध्ये पॉड पळतो.

या कारणाची आणखी एक खूण: पॉइंट ट्रॅक टिकत नाही. बहुतेक विमानांत कर्सर हलवला की वस्तूवरची पकड सुटते. तुम्ही लॉक करता, काठीतून एक बारीकसा आकडा सांडतो आणि लॉक जातो. पडद्यावर मोडचं नाव आपणहून बदलताना दिसलं तर हा थरथरणारा अक्षच आहे असं समजा.

तुमच्या मागोमाग येतो

आता खरा रंजक भाग. पॉड स्टिअरपॉइंटकडे बघतोय, कर्सरला कोणी हात लावलेला नाही, अक्ष स्वच्छ आहेत. तुम्ही लक्ष्याभोवती घिरट्या घालताय. आणि क्रॉसहेअर लक्ष्यावर न राहता लक्ष्याभोवती तुमच्याबरोबर फिरतोय: तुम्ही दक्षिणेला असाल तर तो लक्ष्याच्या दक्षिणेला, तुम्ही पूर्वेला गेलात की तो पूर्वेला.

कारण उंची. स्टिअरपॉइंट नकाशावर टोचलेली टाचणी वाटते, पण त्याला अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची असे तीन आकडे असतात. पॉड या तिन्हींनी ठरणाऱ्या अवकाशातल्या बिंदूकडे बघतो. तो बिंदू बरोबर जमिनीवर असेल तर सगळं ठीक. तो जमिनीच्या खाली असेल, तर तुमच्याकडून त्याच्याकडे जाणारी नजर वाटेतच जमिनीला अडते, म्हणजे लक्ष्याच्या अलीकडे, तुमच्या बाजूला. तो हवेत असेल तर नजर त्याला पार करून पुढे जाते आणि लक्ष्याच्या पलीकडे पडते.

किती पलीकडे? एक उदाहरण करून पाहू. नेवाडाच्या नकाशावर नेलिस तळाची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे. तिथलं एखादं लक्ष्य घेऊन कुणी स्टिअरपॉइंटची उंची शून्य ठेवली, तर पॉड जमिनीखाली ५७० मीटरवरच्या बिंदूकडे बघेल. तुम्ही क्षितिजाच्या खाली तीस अंशांत बघत असाल तर ५७० भागिले तीस अंशांचा टॅन, म्हणजे जवळपास ९९० मीटर. तब्बल एक किलोमीटर अलीकडे. ४५ अंशांतून बघितलं तर चूक ५७० मीटर. अगदी डोक्यावर आलात तर शून्य. आणि वीस अंशांत, लांबून, बेताच्या उंचीवरून बघितलं तर दीड किलोमीटरच्या वर. घिरट्या घालताना हाच एक किलोमीटर तुमच्याबरोबर वर्तुळात फिरतो आणि आपल्याला वाटतं पॉड भरकटला. पॉड काडीचाही हललेला नसतो. त्याला सांगितलेल्या, पाताळातल्या बिंदूकडे तो इमानदारीने बघतोय.

नवशिके इथे अडकतात त्याला एक कारण आहे. डीसीएसबरोबर फुकट मिळणारा नकाशा कॉकेशसचा. शिकण्याची बरीचशी मिशनं बातुमी, कोबुलेती अशा काळ्या समुद्राच्या काठच्या तळांभोवती असतात. तिथे जमीन समुद्रसपाटीपासून दहा-वीस मीटर. उंचीचा आकडा चुकला तरी कोणाला कळत नाही. मग माणूस नेवाडा किंवा अफगाणिस्तानचा नकाशा विकत घेतो, काबूलजवळ १,८०० मीटरच्या आसपासच्या जमिनीवर जातो, आणि पॉडला नवीन अपडेटने बिघडवलं अशी त्याची खात्री पटते.

उलटा प्रकार तर याहून जास्त दिसतो. मिशन एडिटरमध्ये मार्गावर बिंदू टाकला की त्याला उडण्याची उंची मिळते, कारण तो विमानाच्या मार्गाचा बिंदू असतो. बनवणाऱ्याने लक्ष्यावरच्या बिंदूलाही ती तशीच ठेवली, तर एफ-१६मध्ये स्टिअरपॉइंट लक्ष्याच्या डोक्यावर दोन-चार हजार मीटर हवेत लटकतो. पॉड तिकडे बघतो आणि डोंगरापलीकडचं काहीतरी दाखवतो, किंवा नुसतं आकाश. मिशन तुम्हीच बनवत असाल तर लक्ष्याचा बिंदू जमिनीपर्यंत खाली आणा. दुसऱ्याचं मिशन असेल तर कॉकपिटमध्ये स्टिअरपॉइंटच्या पानावर उंचीचा आकडा स्वतः बदला. ती फुटांत असते, मीटर टाकून ठेवू नका.

लक्ष्याची उंची हा काही गेममधला बारकावा नाही. कारगिल युद्धात २४ जून १९९९ रोजी भारतीय हवाई दलाच्या मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर लेझरच्या मार्गदर्शनावर चालणारे बॉम्ब टाकले, तेव्हा त्यांच्याकडे लाइटनिंगच होता. ते शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० मीटर उंच. अशा ठिकाणी उंचीशिवाय अक्षांश-रेखांश म्हणजे अर्धाच पत्ता.

आता यावरचा तोडगा. पॉडने स्वतः अंतर मोजलं की उंचीचा प्रश्नच मिटतो, आणि मोजायला लेझर आहे. क्रॉसहेअर हाताने खऱ्या लक्ष्यावर आणा, एरिया ट्रॅक घ्या, लेझर आर्म करून क्षणभर मारा. लेझर परत येतो, अंतर कळतं, आणि विमानाचा संगणक त्या बिंदूची खरी जागा काढतो. लेझर मारला नाही तर संगणक अंतर अंदाजाने धरतो, आणि तो अंदाज जितका चुकीचा तितका आयएनआरमध्ये बिंदू तुमच्या हालचालीबरोबर सरकतो. तत्त्व तेच: चुकीच्या खोलीवरच्या बिंदूभोवती नजर फिरते. म्हणून लक्ष्य सापडल्याबरोबर एकदा लेझर मारण्याची सवय लावून घ्यावी. मला तरी पॉडच्या वापरातली ही सगळ्यात फायद्याची सवय वाटते. लोक मात्र लेझरला बॉम्ब टाकतानाच हात लावतात.

कंपासला धरून चुकतो

तिसरी तऱ्हा. तुम्ही उत्तरेकडून बघा की दक्षिणेकडून, पॉड लक्ष्याच्या समजा वायव्येला आठशे मीटरवरच बघतो. चूक तुमच्याबरोबर फिरत नाही, पडद्याच्या बाजूलाही बांधलेली नाही. ती जमिनीवर एका दिशेला कायम आहे.

एफ-१६ असेल तर आधी सीझेड दाबा. या विमानाची एक खोड आहे. पॉडचा कर्सर हलवून तुम्ही तीन नंबरच्या स्टिअरपॉइंटपासून आठशे मीटर वायव्येला गेलात, की विमान ती सरक लक्षात ठेवतं. त्याचा समज असा की तुम्ही दिशादर्शनातली चूक दुरुस्त करताय आणि तीच दुरुस्ती सगळीकडे लागू आहे. मग चार नंबरचा स्टिअरपॉइंट निवडला की पॉड त्याच्याही आठशे मीटर वायव्येला बघतो. पाचचंही तेच. तळावर परतताना धावपट्टीचं चिन्हही बाजूच्या माळावर सरकलेलं दिसतं. पॉडच्या पानावरचं सीझेड, म्हणजे कर्सर शून्य, दाबलं की साठलेली सरक पुसली जाते आणि सगळे बिंदू जागेवर येतात. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाताना हे दाबणं हातवळणी पडलं पाहिजे. ए-१०सी उडवून आलेल्यांना हे फार विचित्र वाटतं, कारण तिथे असं काही होत नाही.

सीझेडने फरक पडला नाही आणि चूक मिशनभर हळूहळू वाढत गेली असेल, तर विमानालाच आपण कुठे आहोत ते नीट माहीत नाही. जडत्वावर चालणारी दिशादर्शन यंत्रणा जमिनीवर असताना स्थिर बसून स्वतःला जुळवून घेते. एफ-१६मध्ये पूर्ण जुळणीला आठेक मिनिटं लागतात, साठवलेल्या दिशेवरून केलेल्या झटपट जुळणीला दीडेक मिनिट. सर्व्हरवर मित्र धावपट्टीवर वाट बघत असतात, आपण नॉब घाईने नॅव्हवर, म्हणजे जुळणी संपवून उड्डाणाच्या स्थितीवर, फिरवतो, किंवा जुळणी चालू असतानाच ब्रेक सोडतो. त्याची किंमत अर्ध्या तासाने पॉडवर दिसते. चांगली जुळलेली, पण एकट्याने चालणारी यंत्रणासुद्धा तासाला साधारण ०.८ सागरी मैल भरकटू शकते, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर. आजच्या विमानांत जीपीएस तिला सतत सावरतं म्हणून हे जाणवत नाही. पण मिशनची तारीख बघा. १९८०च्या दशकातलं मिशन असेल तर जीपीएस मिळेलच असं नाही. ती यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित झाली १९९५ मध्ये, आणि डीसीएस तारखेची दखल घेतं. शीतयुद्धाच्या सर्व्हरवर पॉड चुकतो आणि आपल्या स्वतःच्या मिशनमध्ये बरोबर चालतो, असं असेल तर तारीखच तपासा.

इथे उंचीच्या आणि दिशादर्शनाच्या चुकीत गल्लत होऊ शकते. सरळ चाचणी अशी की लक्ष्याच्या बरोबर वरून जा आणि खाली बघा. चूक आटत गेली तर उंचीची. तेवढीच राहिली तर दिशादर्शनाची किंवा साठलेल्या सरकेची.

अचानक उडी मारतो

सगळं नीट चाललेलं असताना वळण घेतलं आणि पॉड एकदम दुसरीकडे गेला, तर बहुतेक वेळा त्याच्या आणि लक्ष्याच्या मध्ये तुमचंच विमान आलेलं असतं. एफ-१६चा पॉड हवा घेणाऱ्या तोंडाच्या उजव्या गालावर असतो. हॉर्नेटचा डाव्या गालावर किंवा मधोमध. ए-१०सीमध्ये तो पंखाखाली दोन किंवा दहा नंबरच्या जागेवर लावतात. डावीकडे घिरट्या घालताना उजव्या गालावरच्या पॉडला लक्ष्य दिसायला अख्खं पोट आडवं येतं. झाकला गेला की चित्राची पकड सुटते, पॉड आयएनआरवर जातो, हिशेबाने तग धरतो, आणि पुन्हा उजेडात आला की जे समोर असेल ते पकडतो. तेवढ्या सेकंदांत हिशेब जितका चुकला तितकी उडी. एफ-१६ने लक्ष्याभोवती उजवीकडे फिरावं, गालावर पॉड असलेल्या हॉर्नेटने डावीकडे. ए-१०सीचा पॉड ज्या पंखाखाली असेल तो पंख आतल्या बाजूला ठेवावा. एवढ्याने हा प्रकार जवळजवळ बंद होतो.

पॉइंट ट्रॅकच्या उड्यांचं कारण साधं असतं: धूर, स्फोट, शेजारून गेलेली दुसरी गाडी. एका गाडीला मारून ताफ्यातली पुढची धरायची असेल तर स्फोट निवेपर्यंत एरियावर राहा. आणि लक्ष्याच्या डोक्यावरून जाताना चित्र गरगर फिरतं, ते सरकणं नव्हे. गोळ्याला तिथे उलटं वळून बघावं लागतं.

तपासताना ही चूक करू नका

पॉडचा प्रश्न समोर आला की बरेच जण अॅक्टिव्ह पॉज लावून शांतपणे तपासायला बसतात. विमान हवेत खिळतं, यंत्रणा चालू राहतात, सोय वाटते. पण विमान खिळलं तरी त्याचा वेग यंत्रणांच्या दृष्टीने तसाच असतो. पॉडला वाटतं आपण तासाला सातशे किलोमीटरने पुढे चाललोय, तो गोळा त्या हिशेबाने मागे फिरवत राहतो, आणि जमीन मात्र जागची हललेली नसते. चांगला पॉडही तिथे सरकतो. अॅक्टिव्ह पॉजमध्ये दिसलेल्या सरकण्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

त्यापेक्षा विमान पार्किंगमध्येच उभं ठेवा. इंजिन चालू, पॉडला वीज, उष्णतेचा कॅमेरा थंड व्हायला काही मिनिटं द्या. मग दूरच्या हँगरच्या कोपऱ्यावर क्रॉसहेअर ठेवा, पूर्ण झूम करा आणि थ्रॉटलवरून हात काढा. विमान हलत नाहीये, म्हणून उंची, दिशादर्शन, झाकोळणं यातलं काहीच इथे बोलत नाही. तरीही सरकला तर दोष तुमच्या अक्षात आहे, वाद संपला. थ्रॉटलची केबल काढून पुन्हा बघा, म्हणजे दोषी तोच की दुसरं उपकरण तेही कळेल. इथे स्थिर राहिला तर उडा, स्टिअरपॉइंटभोवती एक पूर्ण घिरटी घाला, मग वरून जा.

हे सगळं करूनही काही सापडलं नाही, तर गेममध्येच बग असण्याची शक्यता धरा. डीसीएसच्या अपडेटने पॉडचं वागणं बदलल्याचे प्रसंग येतात. मात्र तक्रार करताना लहानसं मिशन बनवा, एक विमान, एक लक्ष्य, मॉड काहीही नको, आणि उड्डाणाची ट्रॅक फाइल, म्हणजे गेमने केलेलं रेकॉर्डिंग, जोडा. "पॉड सरकतोय" एवढ्यावर कोणी काही शोधू शकत नाही. कोणता मोड होता, लेझर मारला होता का, घिरटी कोणत्या बाजूची होती, चूक कोणत्या दिशेला होती, हे लिहिलंत तर समोरच्याचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं.

राहता राहिला प्रश्न की सरकणं प्रत्येक वेळी दुरुस्त करायलाच हवं का. हातात जीबीयू-१२ असेल तर नाही. तो बॉम्ब लेझरच्या ठिपक्याकडे जातो, स्टिअरपॉइंट कुठे आहे याची त्याला फिकीर नसते. ठिपका शेवटचे दहा-पंधरा सेकंद लक्ष्यावर धरून ठेवलात, हाताने का होईना, की भागलं. जीबीयू-३८ची गोष्ट वेगळी. तो सुटण्याआधी मिळालेल्या आकड्यांवर जातो आणि सुटल्यावर तुमचं ऐकत नाही. तिथे एरिया ट्रॅक, लेझरने मोजलेलं अंतर आणि बरोबर उंची, हे तिन्ही असल्याशिवाय बटण दाबू नये.